ताणले जाणारे सेन्सर आणि सुई-धाग्याचा धंदा

आमच्या वाचकांपैकी ज्यांचे किराण्याचे, मटणाचे किंवा भंगाराचे दुकान आहे, त्यांच्या गल्ल्याशेजारी इलेक्ट्रॉनिक वजनकाटा असणारच. त्याच्या ताटाखाली अॅल्युमिनियमची एक जाड पट्टी असते. वजन पडले की ती वाकते, पण इतकी थोडी की डोळ्याला दिसणार नाही. त्या पट्टीवर धातूच्या नागमोडी रेषेचा एक पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. पट्टीबरोबर ती रेषाही ताणली जाते, किंचित लांब आणि बारीक होते, आणि बारीक वाटेतून वीज थोडी अडखळत जाते. ही अडखळ मोजूनच काटा आपल्याला किलो-ग्रॅमचा आकडा दाखवतो. तेव्हा 'सेन्सर' हा शब्द ऐकून बिचकण्याचे कारण नाही. आपला रोजचा व्यवहार एका सेन्सरच्या भरवशावर चालतो.

तार ताणली की विजेला होणारा तिचा रोध वाढतो, हे लॉर्ड केल्विन यांनी १८५६ साली तांब्याच्या आणि लोखंडाच्या तारेवर दाखवून दिले होते. व्यवहारात त्याचा उपयोग व्हायला पुढे ऐंशी वर्षे जावी लागली. १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी, एकमेकांशी काहीही संबंध नसताना, बारीक तार वस्तूला चिकटवून ताण मोजण्याची युक्ती काढली. रूज हे एम.आय.टी. या प्रसिद्ध संस्थेत होते आणि भूकंपात उंच पाण्याच्या टाक्यांवर काय ताण येतो हे लहान प्रतिकृतींवर तपासत होते. संस्थेच्या पेटंट समितीला या शोधात फारशी कमाई दिसली नाही, म्हणून तिने हक्क रूज यांनाच देऊन टाकले. आज दुकानातले बहुतेक इलेक्ट्रॉनिक काटे त्याच युक्तीवर उभे आहेत! मोठमोठ्या संस्थांनाही बाजाराचा अंदाज येतोच असे नाही, हे व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

मग शास्त्रज्ञांना आता नवे काय हवे आहे? धातूचा पापुद्रा काट्यावर, पुलावर, यंत्रावर उत्तम चालतो, कारण तिथे ताण फार थोडा असतो. माणसाचे शरीर तसे नाही. कोपर किंवा गुडघा वाकवला की त्यावरची कातडी तीस टक्के आणि त्याहूनही जास्त ताणली जाते. धातूचा साधा पापुद्रा मात्र दोन-चार टक्क्यांतच हात टेकतो. होजिअरीच्या कापडावर साध्या सुती दोऱ्याने सरळ टीप मारली तर काय होते, हे शिंपीकाम करणाऱ्यांना सांगायला नको. कापड ताणते, टीप ताणत नाही, आणि शिलाई पहिल्याच दिवशी उसवते.

शिंपी यावर दोन उपाय करतो. एक तर दोराच ताणणारा घेतो, नाहीतर साध्याच दोऱ्याने झिगझॅग टीप मारतो. गेल्या वीस-बावीस वर्षांत परदेशातील प्रयोगशाळांनी जे मिळवले आहे, त्यातले बरेचसे याच दोन उपायांत बसते.

झिगझॅगचा उपाय गाजवला तो अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या जॉन रॉजर्स यांनी. २०११ साली त्यांच्या गटाने कातडीवर बसणारे इलेक्ट्रॉनिक्स जगापुढे ठेवले. त्यात धातूच्या रेषा सरळ न ठेवता सापासारख्या वळणावळणाच्या ठेवल्या होत्या. कातडी ताणली की वळणे उघडतात, धातू स्वतः फारसा ताणला जातच नाही. लहान मुले पाणी लावून हातावर जे टॅटू चिकटवतात, तसेच हे बसते. पापुद्रा इतका पातळ की गोंदाची गरज नाही. पुढे २०१९ साली याच गटाने, आता शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून, दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बालकांसाठी बिनतारी मऊ पट्ट्या तयार करून दाखवल्या. अशा बाळांची कातडी इतकी नाजूक असते की नेहमीच्या चिकटपट्ट्या काढताना ती सोलून निघते, आणि अंगभर वायर असल्यामुळे आईला बाळ छातीशी धरणेही कठीण जाते. या एका उपयोगासाठीसुद्धा सारा खटाटोप सार्थकी लागला, असे आम्हांस वाटते.

दुसरा उपाय म्हणजे दोराच ताणणारा घेणे. जपानमधील ए.आय.एस.टी. या सरकारी संशोधन संस्थेने २०११ साली कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा थर रबरावर बसवला. तो मूळ लांबीवर २८० टक्के ताणला तरी काम करत होता, आणि दीडशे टक्के ताण दहा हजार वेळा देऊनही टिकला. त्यांनी तो मोज्यावर, बँडेजवर आणि हातमोज्यावर लावून गुडघ्याची व बोटांची हालचाल टिपून दाखवली.

आयर्लंडमधील डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे काम तर कोणाही कारागिराला आवडेल असे आहे. तेथील जोनाथन कोलमन यांच्या गटाने इंग्लंडच्या सरे विद्यापीठाबरोबर २०१४ साली दुकानात मिळणारे साधे रबरबँड घेतले. द्रावणात ते फुगवले, आणि पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचाच पातळ पापुद्रा असलेले ग्राफीन त्यांत मुरवले. कापड रंगात मुरवावे तसेच! तो रबरबँड शरीराला बांधला की श्वास आणि नाडी कळू लागली. त्याच गटाने २०१६ साली मुलांच्या खेळण्यातल्या लवचीक लगद्यात ग्राफीन मिसळले. त्या लगद्यावरून कोळी चालत गेला तर त्याच्या पायांचा दाबही नोंदला जात असे. अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या झेनान बाओ यांच्या गटाने तर २०१० सालीच रबरावर बारीक पिरॅमिड उठवून, माशी बसली तरी ओळखणारा दाबाचा सेन्सर केला होता.

आणखी एका प्रयोगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. टोकियोच्या ताकाओ सोमेया यांच्या गटाने २०१७ साली सोन्याची जाळी थेट कातडीवर बसवली. पाण्यात विरघळणाऱ्या प्लास्टिकचे तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरायचे, त्यावर सोन्याचा थर द्यायचा, कातडीवर ठेवून पाणी फवारायचे. प्लास्टिक विरघळून जाते आणि सोन्याची जाळी अंगावर उरते. वीस जणांच्या अंगावर ती आठवडाभर ठेवली, तरी खाज किंवा सूज आली नाही. खाली हवा खेळती राहिली, हे त्याचे कारण.

वर्तमानपत्रांत अशा बातम्या 'कृत्रिम त्वचा तयार' या मथळ्याखाली येतात आणि वाचणाऱ्याला वाटते की पुढच्या ईदपर्यंत माल बाजारात दिसेल. तसे होत नाही. ते का होत नाही, हेच आमच्या कारागीर बांधवांनी समजून घेण्यासारखे आहे, कारण अडचण आता विज्ञानाची कमी आणि कारागिरीची जास्त आहे.

पहिली अडचण इलॅस्टिकची. पायजम्याचे इलॅस्टिक दोन महिन्यांनी ढिले पडते, पूर्वीच्या मापावर परत येत नाही. रबरी सेन्सरचेही तेच होते. ताणताना तो एक आकडा दाखवतो, आणि सोडताना त्याच लांबीवर दुसराच. आज शून्यावर लावलेला सेन्सर महिन्याने शून्यावर राहत नाही. काटा असा वागला तर वजनमापे खात्याचा माणूस तो उचलून नेईल!

दुसरी अडचण धुण्याची. घाम खारट असतो, साबण क्षारयुक्त असतो, आणि चांदी काळी पडते. कापडात बसवलेल्या चांदीच्या मुलाम्याचा दोरा दर धुण्याला थोडा थोडा झिजतो.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत मोठी अडचण सांध्याची. सेन्सर मऊ, कापड मऊ, पण बॅटरी आणि चिप कडक. मऊ आणि कडक जिथे भेटतात तिथेच तुटते. बॅगेचा पट्टा शिवणाऱ्याला विचारा, पट्टा मधे कधी तुटत नाही, कडीपाशी तुटतो. हृदयाचा आलेख काढताना छातीवर लावतात त्या पट्टीला वायर जोडण्यासाठी आजही आपले साधे टिच बटणच वापरतात. कपड्यातल्या सेन्सरसाठीही अनेकदा तेच वापरले जाते, कारण इतकी स्वस्त आणि धुऊन टिकणारी दुसरी जोडणी सहजी मिळत नाही.

आता या विषयाचा आपल्या देशाशी असलेला एक संबंध सांगतो. १९९७ साली एम.आय.टी.च्या रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी 'कापड हीच विजेची पाटी' ही कल्पना मांडली, आणि त्यासाठी त्यांनी जे कापड घेतले ते जरीची वीण असलेले रेशमी ऑर्गन्झा होते. ताणा रेशमाचा, बाणा धातूचा पत्रा गुंडाळलेल्या रेशमाचा. आपण ज्याला कलाबतू म्हणतो तोच प्रकार. असे कापड भारतात निदान शंभर वर्षे तयार होत आले आहे, अशी नोंद त्यांनी आपल्या निबंधात केली. त्यांना त्यात दिसले ते असे: प्रत्येक धातूचा धागा शेजारच्या धाग्यापासून वेगळा आहे, म्हणजे ही तयार वायरची पट्टीच झाली. रेशमाचा गाभा मजबूत असल्याने ती शिवताही येते आणि उष्णताही सोसते. त्याच गटाने डेनिमच्या जॅकेटवर संगणकी भरतकाम यंत्राने, पोलादी तंतू मिसळलेल्या दोऱ्याने, वाद्याची कळपट्टी भरली. बोट लावले की सूर निघे. आमचे कसबी लोक पिढ्यान्‌पिढ्या हा धागा ओढत आणि विणत आले, पण त्यातून वीज जाते याचा मोबदला त्यांना कोणी दिला नाही. दुसऱ्याला दोष द्यावा असेही यात काही नाही. आपल्याकडे कोणी मीटर लावून पाहिले नव्हते, इतकेच.

परंतु कल्पना चांगली असली म्हणजे धंदा चालतोच असे नव्हे. गूगल आणि लिव्हाइस या दोन बलाढ्य कंपन्यांनी मिळून २०१७ साली एक डेनिम जॅकेट बाजारात आणले. बाहीच्या कफात तांब्याच्या मिश्रधातूचा धागा विणलेला होता, त्यावर बोट फिरवले की मोबाइलचे गाणे बदलत असे. किंमत ३५० डॉलर. पण हे जॅकेट दहाच धुण्यांपुरते असल्याचे कंपनीनेच सांगितले होते. २०२३ साली त्याला लागणारी मोबाइलवरची सेवा बंद झाली. दहा धुण्यांचे जॅकेट आपल्या बाजारात कोणी शंभर रुपयांनाही घेतले नसते.

शिंपी बांधवांसाठी दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. जपानच्या झोझो या ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केले की अंगाला घट्ट बसणारा एक सूट गिऱ्हाइकाला पाठवू. त्यात न्यूझीलंडच्या स्ट्रेचसेन्स या कंपनीचे ताणणारे सेन्सर होते. सूट अंगात घातला की मापे आपोआप मोबाइलवर यावीत. म्हणजे टेपची गरजच नाही, शिंप्याकडे जायलाच नको! गाजावाजा खूप झाला. पण सूट ठरल्या वेळी गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचेनात. सहा महिन्यांच्या आत, २०१८ च्या एप्रिलमध्ये, झोझोने सेन्सरचा सूट बाजूला ठेवला आणि नुसते पांढरे ठिपके छापलेला काळा सूट काढला. गिऱ्हाइकाने मोबाइलसमोर गोल फिरायचे, कॅमेरा ठिपके पाहून माप काढतो. छापलेल्या ठिपक्याने सेन्सरला हरवले. स्ट्रेचसेन्सने पुढे चित्रपट आणि व्हिडिओ गेमसाठी बोटांची हालचाल टिपणाऱ्या हातमोज्यांचा मार्ग धरला. कपड्याच्या मापासाठी महागडा सेन्सर चालला नाही, पण शिंप्याच्या टेपला कॅमेऱ्यापासून धोका नाही, असेही आम्ही म्हणणार नाही.

मग हा माल खपतो तरी कुठे? तीन जागा आम्हांला पक्क्या दिसतात, आणि तिन्हींत आपल्या लोकांचे हात आधीच आहेत.

एक, साखर तपासण्याची पट्टी. रक्ताचा थेंब टाकतो ती प्लास्टिकची पट्टी म्हणजे सर्वांत जास्त खपलेला लवचीक सेन्सरच होय. त्यावरच्या काळ्या रेषा कार्बनच्या शाईने, स्क्रीन प्रिंटिंगनेच छापतात. १९८७ साली अशा पट्ट्यांचा पेनाएवढा मीटर निघाला तेव्हापासून ही पद्धत चालू आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्याची जाळी आणि ही जाळी यांत तत्त्वाचा फरक नाही. फरक आहे तो थर सारखा पडण्याचा, धूळविरहित खोलीचा आणि नापास नगांचा. चांदीच्या शाईचे काम असेल तर ती भट्टीत सव्वाशे अंशांच्या आसपास भाजावी लागते, आणि तिचा भाव चांदीच्या भावाबरोबर वरखाली होतो. हा हिशेब दर ठरवतानाच धरायला हवा.

दोन, मोटारीचे सीट. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींत चालक आणि शेजारचा प्रवासी यांच्यासाठी सीटबेल्टची आठवण देणारी घंटी सक्तीची झाली. शेजारच्या सीटवर कोणी बसले आहे हे गाडीला कळते ते फोम आणि कव्हर यांच्यामधल्या दाबाच्या पातळ चटईमुळे. सीटकव्हरचे काम करणाऱ्या बांधवांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे. त्या चटईत सुई, स्टेपल किंवा कडी गेली तर घंटी एकतर कायम वाजते किंवा कधीच वाजत नाही, आणि गिऱ्हाईक परत येते ते भांडायलाच. कव्हर उतरवण्यापूर्वी सीटखाली जाणारी वायर पाहावी, तिचा मार्ग खडूने आखून घ्यावा.

तीन, पादत्राण. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे दहा कोटी रुग्ण आहेत. जुन्या मधुमेहात तळपायाची जाणीव जाते. चपलेत खडा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि पाय कापण्याची वेळ येते. मँचेस्टरच्या संशोधकांनी बुटात ठेवायच्या तळव्यात दाबाचे आठ सेन्सर बसवून, एका जागी दाब फार वेळ राहिला की मनगटावर इशारा देण्याची व्यवस्था केली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात ५८ रुग्ण होते, आणि सर्वांना पूर्वी जखम होऊन गेलेली होती. तळवे सर्वांनाच दिले, इशारा मात्र एकाच गटाला. इशारा मिळणाऱ्यांत तळव्याच्या जखमा ७१ टक्क्यांनी कमी झाल्या. रुग्णांची संख्या लहान आहे, हे खरे. तरीही चामड्याचे आणि फोमचे काम जाणणाऱ्यांनी या बाजूकडे लक्ष ठेवावे असे आम्ही आग्रहाने सांगतो. ज्या पायाला काहीच कळत नाही त्याच्यासाठी तळव्याची एक चुकीची शिवण हीसुद्धा जखमच आहे, आणि ती कुठे टोचेल हे इंजिनिअरपेक्षा चप्पल शिवणाऱ्याला आधी कळते.

आता भरतकामाचे आणि जरीचे कारखाने चालवणाऱ्यांना दोन कामाच्या गोष्टी सांगतो. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि छोट्या कंपन्या 'वीज वाहणाऱ्या धाग्याने भरून द्या' अशी कामे घेऊन येऊ शकतात. साधा मल्टिमीटर बाजारात काही शे रुपयांना मिळतो, तो कारखान्यात ठेवावा. धाग्याच्या वीतभर तुकड्याची दोन टोके धरून पाहावीत. चांदीची खरी जरी आणि तांब्याच्या तारेवरची नकली जरी बहुधा वीज नेते. प्लास्टिकच्या फिल्मची जरी चकाकली तरी तिच्यावर लाखेसारखा थर असल्याने बहुधा काहीच दाखवत नाही. असा धागा सुईत घातला तर घासून त्याचे तंतू सुटतात, म्हणून तो खाली बॉबिनमध्ये घालावा आणि वर साधा दोरा ठेवावा. ताणणाऱ्या कापडावर झिगझॅग टीप मारावी. दोन रेषा एकमेकींना ओलांडू देऊ नयेत, आणि मागची सुटी टोके बुडापासून कापावीत, कारण एक लोंबता तंतू शेजारच्या रेषेला चिकटला की पूर्ण नग बाद. नक्षीकामात जो दोष गिऱ्हाइकाला दिसतही नाही, तो इथे मीटरवर दिसतो.

म्हणूनच अशा कामाची मजुरी टाक्यांवर ठरवू नये. रोध किती ते किती चालेल, नापास नगाचा खर्च कोणाचा, धागा कोण आणून देणार, हे कागदावर लिहून घ्यावे आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. 'सेन्सरच्या कपड्याचे यंत्र घ्या, माल आम्ही विकत घेऊ' असे सांगणारा दलाल आला तर त्याला आधी वीस नगांची ऑर्डर द्यायला सांगावे. असे काम आपल्या जुन्या भरतकाम यंत्रावरही करून पाहता येते. आणि माल मोजून मग धुणार की धुऊन मग मोजणार, आणि किती वेळा, हे पहिला टाका घालण्यापूर्वीच विचारून घ्यावे.